कुणीही बेवारस नाही : रस्त्यावरच्या माणसांशी ख्रिस्ती आतिथ्य आणि मैत्री

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर, नळदुर्गच्या पूर्वेस वसलेले आहे. या तालुक्याचे रस्ते वाटसरूंच्या ओळखीचे आहेत. आश्विन महिन्यात नवरात्र आणि कोजागरी पौर्णिमेच्या निमित्ताने सोलापूरकडून आणि कर्नाटकातून हजारो भाविक तुळजापूरला पायी जातात. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला मांडव उभे राहतात. चहा, फराळ, जेवण दिले जाते. थकलेल्यांच्या पायांना तेल चोळले जाते. सेवा करणारा समोरच्याची जात, गाव किंवा नाव विचारत नाही. परक्या माणसाचे असे स्वागत ही या भूमीची जुनी रीत आहे, आणि आपण ख्रिस्ती भाविकांनीही ती आदराने पाहिली पाहिजे.

यात्रा संपते, मांडव उतरतात, आणि रस्त्यावर एक दुसरा माणूस उरतो. तो कुठल्या देवस्थानाला निघालेला नसतो. एस. टी. थांब्याच्या शेडमध्ये, धाब्यामागच्या पत्र्याखाली, पुलाच्या कठड्याशी तो बसलेला असतो. त्याच्या अंगावर ऋतू कोणताही असो, तेच कपडे असतात. यात्रेकरूला मुक्काम आहे आणि परतायला घर आहे. या माणसाला दोन्ही नाहीत. यात्रेकरूची सेवा करताना आपल्याला संकोच वाटत नाही, परंतु या माणसाजवळून जाताना आपली पावले जलद पडतात. तो मरण पावला तर पोलिसांच्या कागदावर त्याच्यासाठी एकच शब्द लिहिला जातो, तो म्हणजे ‘बेवारस’. या शब्दाला ख्रिस्तसभेचे उत्तर काय, हे आम्ही या लेखात मांडू इच्छितो.

आतिथ्याचा अर्थ

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असे आपली भाषा सांगते. निमंत्रण देऊन बोलावलेला पाहुणा वेगळा आणि अवचित दारात आलेला अतिथी वेगळा. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत आतिथ्यासाठी ‘फिलोक्सेनिया’ असा शब्द आहे. परक्यावर प्रेम करणे हा त्याचा शब्दशः अर्थ. ‘क्सेनोस’ या एकाच शब्दात परका आणि पाहुणा हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. परक्याला पाहुणा करावे की परकाच ठेवावे, हे यजमानाच्या हाती असते.

पूर्वी आपल्या घरांना ओसरी असे. वाटसरूने ओसरीवर पथारी पसरली तर त्याला कुणी उठवीत नसे. आज घरांना लोखंडी जाळ्या आल्या आणि चर्चच्या आवारांनाही फाटके आली. सुरक्षेची गरज आम्ही नाकारीत नाही. मात्र ओसरी गेली तेव्हा तिच्यासोबत ओळख करून घेण्याची एक जागाही गेली, हे मान्य केले पाहिजे.

पवित्र शास्त्राची शिकवण

मम्रेच्या एलोन झाडांजवळ भर दुपारी आलेल्या तीन अनोळखी पुरुषांना पाहून वृद्ध अब्राहाम धावत सामोरा गेला. त्याने त्यांचे पाय धुण्यासाठी पाणी मागवले, सारेला भाकरी करावयास सांगितले, आणि ते जेवत असता तो स्वतः जवळ उभा राहिला (उत्पत्ती १८). त्याने अन्न नुसते पाठवून दिले नाही. इब्री लोकांस लिहिलेले पत्र याच प्रसंगाची आठवण देऊन आतिथ्य विसरू नका असे बजावते (१३:२).

प्रभू येशू स्वतः वाटसरू होता. त्याच्या जन्माच्या वेळी उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि डोके टेकायला आपल्याला ठिकाण नाही असे त्याने पुढे सांगितले. मेजवानीला कोणाला बोलवावे याविषयी त्याने दिलेला सल्ला तर आपल्या सामाजिक व्यवहाराच्या अगदी उलट आहे : जे परतफेड करू शकतात त्यांना नव्हे, तर गरीब, लंगडे आणि आंधळे यांना बोलवा (लूक १४:१२-१४). अंतिम न्यायाच्या प्रसंगात तो परक्याशी, उपाशी माणसाशी आणि उघड्याशी स्वतःला एकरूप करतो (मत्तय २५:३१-४६). तेथे नीतिमान मंडळी आश्चर्यचकित होतात, कारण आपण कोणाची सेवा केली हे त्यांना ठाऊकच नव्हते. म्हणजे त्यांनी ती सेवा पुण्याच्या हिशेबाने केली नव्हती. एम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांनीही वाटेत भेटलेल्या परक्याला रात्री मुक्कामाला ठेवून घेतले, आणि भाकर मोडताना त्यांना त्याची ओळख पटली (लूक २४). त्यांनी त्याला वाटेला लावले असते, तर ती ओळख पटण्याचा क्षण आलाच नसता.

याकोबाचे पत्र आपल्या उपासना-मंदिरांनाच प्रश्न विचारते. सोन्याची अंगठी घातलेल्यास पुढची जागा आणि मळक्या कपड्यांतील गरिबास पायाशी जागा, हा भेद त्याने पहिल्या शतकातच दोषास्पद ठरवला (२:१-४).

ख्रिस्तसभेची परंपरा

चौथ्या शतकात संत बासिल यांनी कैसरिया नगराबाहेर वाटसरू, रुग्ण आणि कुष्ठपीडितांसाठी एक मोठी वसाहत उभारली. तिला लोक ‘बासिलियाद’ म्हणत. त्याच काळातील संत जॉन ख्रिसोस्तोम यांनी भाविकांना अधिक अवघड गोष्ट सांगितली. केवळ संस्थेकडे बोट दाखवू नका, आपल्या घरात परक्यासाठी एक खोली राखून ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठाच्या नियमावलीच्या ५३व्या प्रकरणात सांगितले की, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त मानून स्वीकारावे, आणि गरिबांची व यात्रेकरूंची विशेष काळजी घ्यावी. श्रीमंतांचा मान तर त्यांच्या धाकानेच राखला जातो, हे त्या अनुभवी मठाधिपतींना पुरते ठाऊक होते.

ख्रिस्तसभेने बेघर माणसाला संतपदही दिले आहे. फ्रान्समध्ये १७४८ साली जन्मलेले संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्रे यांना एकाही मठात कायम राहता आले नाही. ते चालत चालत तीर्थस्थाने फिरले, रोमच्या कलोसियमच्या पडक्या भिंतींत झोपले आणि १७८३ मध्ये तेथेच, रोममध्ये, निवर्तले. १८८१ साली पोप लिओ १३वे यांनी त्यांना संत घोषित केले. आपल्या मराठी वाचकांना येथे साहजिकच संत गाडगेबाबांची (१८७६-१९५६) आठवण होईल. अंगावर चिंध्या आणि हाती मडके घेऊन फिरणाऱ्या या महापुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. रस्त्यावरचे जिणे त्यांनी स्वतः जगून पाहिले होते.

आपल्या देशात आणि राज्यात

१९५२ साली कोलकात्यात मदर तेरेसा यांनी रस्त्यावर मरणपंथाला लागलेल्यांसाठी ‘निर्मल हृदय’ सुरू केले. त्यासाठी महापालिकेने दिलेली जागा कालीमंदिराला लागून होती, आणि पूर्वी ती यात्रेकरूंच्या विश्रामासाठी वापरली जाई. यात्रेकरूंसाठी बांधलेल्या छपराखाली, ज्यांना कुठेच जायचे नाही अशांना जागा मिळाली, हा योगायोग तुळजापूरच्या वाटेवर राहणाऱ्या आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. मुंबईत भायखळा परिसरात त्यांच्या धर्मभगिनी १९७६ पासून ‘आशादान’ चालवीत आहेत. ४ सप्टेंबर २०१६ रोजी मदर तेरेसा यांना संतपद बहाल झाले.

रेल्वे फलाटावर वाढणाऱ्या मुलांसाठी येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६२ साली मुंबईत ‘स्नेहसदन’ सुरू केले. मोठे वसतिगृह न उभारता लहान लहान घरे, आणि त्या घरांत आईवडिलांच्या मायेने सांभाळणारी माणसे, अशी तेथील रचना आहे. वडाळ्याला सालेशियन धर्मगुरूंनी १९८७ मध्ये ‘शेल्टर डॉन बॉस्को’ची स्थापना केली.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दाम्पत्याने १९८८ साली ‘श्रद्धा’ ही संस्था सुरू केली. २००६ पासून तिचे केंद्र कर्जतला आहे. या कार्यासाठी २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कार्याचा आरंभ एका दृश्यातून झाला. केस वाढलेला, कृश झालेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना त्यांना दिसला. त्यांनी त्याच्यावर उपचार केले, तेव्हा तो आंध्र प्रदेशातील पदवीधर असल्याचे समजले. तोपर्यंत जाणारे-येणारे त्याला ‘वेडा’ एवढ्याच नावाने ओळखत होते. उपचारानंतर त्याला स्वतःचे नाव सांगता आले आणि त्याच्या घरच्यांचा शोध लागला. महामार्गावर दिसणाऱ्या अशा किती माणसांची कुणीतरी कुठेतरी वाट पाहत असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

तुळजापूर तालुक्यातच यमगरवाडी येथे १९९३ पासून पारधी व अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांसाठी निवासी शिक्षणाचे कार्य चालू आहे. पालावर जन्मलेल्या मुलाला शाळेच्या हजेरीपटावर नाव मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. हे कार्य ख्रिस्ती संस्थेचे नाही. चांगुलपणा ही कोणा एका धर्माची मिरास नाही, हे सांगण्यासाठीच आम्ही त्याचा उल्लेख करीत आहोत.

दान आणि मैत्री

आपल्या धर्मग्रामांत दानाची उणीव नाही. नाताळला ब्लँकेटे वाटली जातात, उपवासकाळात धान्य गोळा होते. हे सर्व चांगले आहे. परंतु दान हातभर अंतरावरूनही देता येते, मैत्री तशी करता येत नाही. ब्लँकेट घेणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक असते काय? पुढच्या नाताळात तो तेथे नसेल, तर त्याची चौकशी कोण करील?

रोम शहरातील एक घटना या संदर्भात जगभर सांगितली जाते. ३१ जानेवारी १९८३ रोजी तेर्मिनी रेल्वे स्थानकाजवळ मोदेस्ता वालेंती नावाची ७१ वर्षांची बेघर स्त्री आजारी पडली. अंग अस्वच्छ असल्याने रुग्णवाहिकेने तिला नेण्यास नकार दिला, आणि तासन्‌तास मदतीची वाट पाहत ती तेथेच मरण पावली. संत एजिदिओ या, १९६८ साली रोममध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती समुदायाने तिचे नाव विसरू दिले नाही. दरवर्षी तिच्या स्मृतिदिनाच्या सुमारास मिस्साबलिदान होते, रस्त्यावर मरण पावलेल्यांची नावे एकेक करून वाचली जातात, आणि प्रत्येक नावासाठी एक मेणबत्ती लावली जाते. पुढे रोम महापालिकेने बेघर नागरिकांच्या नोंदणीसाठी एक काल्पनिक पत्ता ठरवला, आणि त्या अस्तित्वात नसलेल्या रस्त्याला मोदेस्ता वालेंतीचे नाव दिले. ज्या स्त्रीला आयुष्याच्या शेवटी पत्ता नव्हता, तिच्या नावाच्या पत्त्यावर आज इतरांना सरकारी कागदपत्रे मिळतात.

हाच समुदाय १९८२ पासून नाताळच्या दिवशी रोमच्या सांता मारिया इन त्रास्तेवेरे या प्राचीन चर्चमध्ये गरिबांसोबत भोजन करतो. तेथे वाढणारे आणि जेवणारे एकाच पंगतीला बसतात. महाराष्ट्राला पंगतीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. कोण कोणाशेजारी बसतो यावर आपल्या समाजाने शतकानुशतके माणसांची किंमत ठरवली आहे.

कै. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली दयेच्या वर्षाच्या समारोपाला ‘गरिबांचा जागतिक दिन’ जाहीर केला. २०१७ पासून तो ख्रिस्तराजाच्या सणाआधीच्या रविवारी पाळला जातो. त्यांच्या काळात संत पेत्राच्या चौकाजवळ बेघरांसाठी स्नानगृहे आणि केशकर्तनाची सोय झाली. पोप लिओ १४वे यांचे पहिले प्रेषितीय बोधपत्र ‘दिलेक्सी ते’ हेही गरिबांवरील प्रेमाविषयीच आहे. त्यावर ४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आहे.

आकडे आणि कायदा

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, उड्डाणपुलांखाली, देवस्थानांच्या आवारात आणि रेल्वे फलाटांवर झोपलेल्यांची ती नोंद होती. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार माणसे त्या रात्री उघड्यावर आढळली.

१९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत आणले, आणि पहिल्या वेळीच १ ते ३ वर्षे संस्थेत स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली. याउलट, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बेघर मनोरुग्णाच्या बाजूने उभा राहतो. त्याच्या कलम १०० नुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास त्याला संरक्षणात घेणे पोलिसांचे कर्तव्य आहे. २४ तासांच्या आत त्याला नजीकच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा लागतो.

धर्मग्रामात काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे नाव विचारणे आणि आपले नाव सांगणे. ते लक्षात ठेवून पुढच्या वेळी नावाने हाक मारावी. वयाने मोठ्यांना बाबा, मावशी, काका असे म्हणावे. अरेतुरे करू नये.

दुसरी गोष्ट नियमितपणाची. वर्षातून एकदा शंभर जणांना जेवण देण्यापेक्षा दर आठवड्याला ठरलेल्या वारी दोघांना भेटणे अधिक मोलाचे आहे. ज्याला कुणाचीच वाट पाहायची नाही, त्याला कोणीतरी येणार आहे एवढी खात्रीही आधार देते. भेटीला एकट्याने न जाता दोघांनी जावे. स्त्रिया व मुलांना भेटताना सोबत स्त्री असावी. खाली बसून बोलावे. छायाचित्रे काढू नयेत.

तिसरी गोष्ट माहितीची. संत एजिदिओ समुदाय १९९० पासून रोममध्ये जेवण, झोप आणि स्नान कोठे मिळेल याची पुस्तिका काढून बेघरांना देतो. आपल्याला निदान एक कागद तयार करता येईल : जवळचे शासकीय रुग्णालय, पोलीस ठाणे, मोफत भोजनाचे ठिकाण, पिण्याचे पाणी. मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावावेत. कोणालाही आपल्या मनाने औषध देऊ नये.

चौथी गोष्ट निरपेक्षतेची. अन्न किंवा मैत्री हे धर्मांतराचे साधन नव्हे. पोप बेनेडिक्ट १६वे यांनी २००५ सालच्या ‘देउस कारितास एस्त’ या विश्वपत्रात प्रेम विनामूल्य असते आणि ते अन्य हेतूसाठी वापरायचे नसते, असे स्पष्ट सांगितले आहे. आजच्या वातावरणात हे कसोशीने पाळणे आपले कर्तव्य आहे, आणि शुभवर्तमानाची मागणीही तीच आहे.

पाचवी गोष्ट मरणाची. ओळखीचा माणूस रस्त्यावर निवर्तला, तर पोलिसांना त्याचे नाव सांगणारा कोणीतरी असावा. त्याच्या घरच्यांचा शोध लागला नाही, तर पोलिसांच्या संमतीने, त्याच्या धर्माप्रमाणे त्याचे अंत्यविधी सन्मानाने व्हावेत. सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, २ नोव्हेंबरला, आपल्या मृतांसोबत त्याचेही नाव वेदीवरून वाचले जावे.

आपणही पाहुणे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपाने कोसळली. हजारो माणसे दगामातीच्या भिंतींखाली दबून गेली. जे वाचले ते एका रात्रीत बेघर झाले. त्यांत कालपर्यंत शंभर माणसांना जेऊ घालणारे वाडेवालेही होते. त्या वेळी देशभरातून अनोळखी माणसे धावून आली. घर असणे आणि नसणे यांत किती थोडे अंतर आहे, हे लातूर-धाराशिवच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

जानेवारी २०२० मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद नगरीत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद कै. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. निवडीला काहींचा विरोध असतानाही या जिल्ह्याने एका ख्रिस्ती धर्मगुरूचे मराठीच्या मांडवात स्वागत केले. मराठवाड्यातील आपला समाज संख्येने लहान आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचे आतिथ्य वेळोवेळी अनुभवले आहे. ज्याला दुसऱ्याच्या ओसरीवर जागा मिळाली, त्याने स्वतःच्या दाराशी बसलेल्याला उठवू नये.

पुढच्या रविवारी मिस्साबलिदानाहून परतताना थांब्याच्या शेडमध्ये तो माणूस बसलेला असेल. खिशातले नाणे शोधण्यापूर्वी त्याच्याजवळ क्षणभर थांबावे आणि त्याचे नाव विचारावे. कदाचित तो सांगणार नाही, पुन्हा विचारावे. ज्या दिवशी तो सांगेल, त्या दिवसापासून तो बेवारस राहणार नाही.